थेंबखोलीतला नंबर

त्या दिवशी शिंपी दुकानाचं शटर अर्धं ओढून निघाला, तो डोळा दाखवून लगेच परत येण्याच्या बोलीवर. मशीनवर एक बाही अर्धीच लावलेली होती, सुई कापडात तशीच रोवलेली. लेक म्हणाली, "बाबा, ते आवरून तरी ठेवा."

"आवरायला काय मरायला चाललोय? आलोच."

लेकीनं पिशवी उचलली. बापाशी बोलण्यात अर्थ नसतो हे तिला लहानपणीच कळलं होतं.

शाळेची पायरी या माणसानं फारशी चढली नव्हती, पण हातात कात्री आणि गळ्यात टेप म्हणून जग त्याला मास्तर म्हणायचं. डावा डोळा तरुणपणीच गेलेला. जाड कापडावर सुई तुटली, टोक उडालं, संपलं. राहिला उजवा. त्या एका डोळ्यावर त्यानं बायकोचं आजारपण काढलं, लेक वाढवली आणि अर्ध्या वस्तीचे कोट शिवले. मग त्या उजव्यातही काचबिंदू निघाला.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. काचबिंदूची गोष्टच उलटी. तो मुंगीच्या पावलानं येतो आणि जात तर नाहीच. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं कुरतडली जाते, उंदरानं कापड कुरतडावं तशी. त्याला उपाय एवढाच की सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायचे आणि दर काही महिन्यांनी दाब मोजून घ्यायचा. मोजल्याशिवाय काही कळत नाही, हे शिंप्याला कुणी शिकवायला नको होतं. वर्षानुवर्षं तो नेमानं जात होता.

मग साथ आली.

डोळ्यांच्या विभागाला कुलूप लागलं. तिथल्या खाटा ढकलत दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि त्यांच्यावर धापा टाकणारी माणसं निजली. यात कुणाचा दोष काढायची सोय नव्हती. माणसं श्वासाला महाग झालेली, तिथं डोळ्याच्या दाबाला कोण विचारतो? शिंप्याची थेंबांची बाटली संपत आली, तेव्हा त्यानं दोन वेळचं एक वेळ केलं. मग एक दिवसाआड. औषधवाला म्हणायचा माल येत नाही. पुढं माल यायला लागला, पण तोवर याची सवय मोडली होती. काही दुखत नव्हतं. सुईत दोरा जात होता. मग कसला आलाय आजार!

एकदा गरम इस्त्रीवर डावं कोपर टेकलं. इस्त्री तिथं आहे हे दिसलंच नव्हतं. मग एक जुनं गिऱ्हाईक पँट घेऊन परत आलं.

"मास्तर, ही डाव्या पायाची शिवण बघा. साप गेल्यासारखी गेलीय."

"तुझा पायच वाकडा आहे, त्याला शिवण काय करील?"

गिऱ्हाईक हसलं, पँट घेऊन गेलं आणि पुन्हा काही आलं नाही. त्यानंतर शिंपी स्वतःच्याच घराच्या उघड्या दाराच्या फळीवर डाव्या बाजूनं धडकला, कपाळ फुटलं, तेव्हा लेकीनं ऐकून घेणं बंद केलं.

पण दवाखाना उघडला म्हणून नंबर थोडाच लागतो! घरी दबून बसलेली सगळी दुखणी एकदमच उठून दारात आली होती. तारीख मिळायलाच केवढा काळ गेला. लेकीनं वाटेत पुन्हा बजावलं, "बाबा, डॉक्टरीणबाई आजच ठरवणार आहेत ऑपरेशन कुणाचं आधी करायचं. आज चुकलं तर पुढची तारीख केव्हा मिळेल कुणास ठाऊक. आणि तोवर..."

"तोवर काय?"

"तोवर बाही लावाल हातानं चाचपून."

 हे शिंप्याला लागलं, कारण खरं होतं.

विभागाला नवा रंग दिला होता. रंगाच्या वासाखालून फिनेलचा वास येत होता आणि फिनेलच्या खालून आणखी कसला तरी. बाहेरच्या बाकांवर ओळखीचं एकही तोंड नव्हतं. पूर्वी इथं ठरलेली माणसं असायची. गणित शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. एक पोस्टमन, तोंडाचा फाटका. वर्षानुवर्षं एकाच दुखण्याला येणारी माणसं म्हणजे एक प्रकारचे सोयरेच. लग्नकार्यात बोलावत नाहीत एवढंच.

तपासणीच्या आधी थेंबखोलीत बसावं लागायचं. हे नाव पेशंटांनीच पाडलेलं. खिडकी नसलेली लांबट खोली, दाराला जाड काळा पडदा, भिंतीला लागून बाक. सिस्टर डोळ्यात थेंब टाकायची, बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून. डोळे मिटून बसायचं, उघडायचे नाहीत. पलीकडून डॉक्टरीणबाईंची बेल वाजायची. नाव कुणी पुकारत नसे, नुसती बेल. आता डोळे मिटलेल्या माणसांना कळणार कसं, की पाळी कुणाची? म्हणून या जुन्या मंडळींनी एक रीत पाडली होती. जो उठेल त्यानं शेजाऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारून जायचं. थाप पडली की पुढचा नंबर तुझा. थाप पडल्याशिवाय उठायचं नाही. नवीन कुणी घुसायला गेला तर बाई अंधारातून म्हणायच्या, "थाप मिळाली का तुम्हाला? मग बसा." भलेभले बसायचे.

लेकीला बाहेर थांबवलं. नवी सिस्टर तरुण होती, मास्कमागून बोलणारी. तिनं शिंप्याला बाकावर बसवलं, थेंब टाकले.

"डोळे मिटा, आजोबा. बेल वाजली की उठा. ऐसपैस बसा, आत मोजकीच माणसं सोडतो आता, जागाच जागा आहे."

पडदा पडला. तिची पावलं लांब गेली.

औषध चरचरलं, मग निवलं. शिंप्यानं डोकं भिंतीला टेकलं. उजेडातून आल्यामुळं मिटल्या पापणीआड तांबूस ठिपके नाचत होते, ते हळूहळू विझले. कुठंतरी नळ ठिबकत होता. बाक जरासा करकरला. तो हलला नव्हता.

"मास्तर, फार उशीर केलात."

आवाज डाव्या हाताकडून आला. हळू, पण स्पष्ट. मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला.

"बाई?" शिंप्याला एकदम बरं वाटलं. "तुम्ही आहात होय! आत येताना दिसलाच नाहीत."

"तुम्हाला डावीकडचं कुठं दिसतंय आता."

"ते कसं कळलं तुम्हाला?"

बाईंच्या पलीकडून कुणीतरी खाकरलं. "मास्तर, माझी पँट झाली का? का अजून उद्याच?"

"पोस्टमन!" शिंपी हसला. "तू अजून आहेस?"

"आहे म्हणजे... बसलोय."

"तुझी पँट केव्हाची तयार आहे. न्यायला कोण आला नाही ते बोल."

"जमलं नाही," पोस्टमन म्हणाला. त्याच्या आवाजातला फाटकेपणा आज कुठं दिसत नव्हता.

शिंप्याला बोलायला माणसं मिळाली होती. तो खुलला. औषधवाल्याला शिव्या दिल्या, तारखा देणाऱ्या खिडकीला दिल्या, लेकीला दोन दिल्या. ते ऐकत होते. कुणी हसलं नाही. मग आणखी एक श्वास कानावर आला, पोस्टमनच्याही पलीकडे, कोपऱ्यात. लांब, ओला श्वास.

"कोपऱ्यात कोण आहे?"

"ते बोलत नाहीत," बाई म्हणाल्या. "आमच्या आधीपासून बसलेत."

"बरं. बाई, तुम्हाला झाली होती का साथ?"

"छे. साधी शिंकसुद्धा आली नाही मला. उंबरठा ओलांडला नाही मी." बाई थांबल्या. "माझ्या अंगठ्याला जखम होती, आठवतं? साखरेमुळं भरत नव्हती. दर आठवड्याला खालच्या खोलीत पट्टी बदलायला यायचे. ती खोली बंद झाली. मुलगा म्हणाला, थांब आई, जरा कमी होऊ दे. मी थांबले."

"मग?"

"मग अंगठा काळा पडला. मग पाऊल."

"अरेरे... मग?"

 फिनेलच्या खालचा तो वास आता जवळ आला होता. गोडसर. फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस न बदलल्यावर येतो तसा. 

"मला छातीत कळ आली," पोस्टमन आपण होऊनच सांगू लागला. "बायको म्हणाली, दवाखान्यात चला. म्हटलं, वेडी का काय, तिथं जाऊन साथ घरी आणायची? गॅस असेल. पाणी प्यायलो आणि आडवा झालो."

"आणि?"

"आणि काय मास्तर... आडवा झालो तो झालोच."

नळ ठिबकायचा थांबला. निदान शिंप्याला तसं वाटलं. 

"रोज पेपरात आकडा यायचा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता अगदी कानाशी होता. "मी गणिताची. रोज बेरीज करायचे. नंतर लक्षात आलं... त्यात आम्ही नाहीच. आम्हाला कुणी मोजलंच नाही, मास्तर."

शिंप्यानं डोळे उघडायला पापणी ताणली.

"उघडू नका," बाई म्हणाल्या. "औषध वाया जाईल. मग आज तपासता येणार नाही. माहीत आहे ना?"

माहीत होतं. त्यानं पापणी घट्ट दाबून धरली. आजवर भल्याबुऱ्या गिऱ्हाइकांना तोंड दिलेला माणूस, पण तोंडाला कोरड पडली. पडदा हाताच्या अंतरावर होता, पडद्यापलीकडे लेक होती. हाक मारावी तर आवाज फुटेना.

पलीकडं बेल वाजली.

कुणी उठलं नाही.

"बाई," शिंपी कसाबसा म्हणाला, "बेल..."

"ऐकली."

"मग जा की."

"कसे जाऊ? आम्हाला थाप कोण देणार? आमच्या पुढचा कधी उठलाच नाही."

कोपऱ्यातला ओला श्वास जरा मोठा झाला, आणि मग पहिल्यासारखा.

बेल पुन्हा वाजली, लांबलचक. वैतागलेल्या माणसानं दाबावी तशी. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाई वाट बघत नाहीत, पुढच्या पेशंटला घेतात, हे शिंप्याला ठाऊक होतं. तो उठायला गेला. कुणीतरी त्याची बाही धरली. ओढली नाही, नुसती धरली, दोन बोटांत, कापडाचा पोत बघतात तशी.

"थाप मिळाली का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"बाई..." शिंपी रडायच्या बेतात होता. "माझा एकच डोळा आहे हो. तोही अर्धा गेलाय. आज चुकलं तर मी आंधळा होणार. लेकीच्या गळ्यात पडणार. तुमचं... तुमचं आता काय राहिलंय?"

बाहीवरची बोटं तशीच राहिली.

"तपासणी," पोस्टमन म्हणाला. "तपासणी राहिलीय."

ते तो असं म्हणाला, की शिंप्याची भीती क्षणभर मागं सरली आणि तिथं नुसती लाज उरली. आणि त्या लाजेच्या भरात तो जे बोलला ते रांगेत जन्म काढलेला माणूसच बोलेल. पुढच्याला नाराज करायचं नाही आणि आपलं कामही अडू द्यायचं नाही, या हिशेबानं तो म्हणाला, "मग चला की माझ्याबरोबर. एकाच नंबरावर जाऊ सगळे. मी सांगतो आत."

बाही सुटली.

गुडघ्यावर थाप पडली. हलकी, गार. मग दुसरी, जराशी जोरात. मग बऱ्याच वेळानं तिसरी. ती थाप म्हणावी अशी नव्हती. ओला तळवा नुसता गुडघ्यावर ठेवला गेला आणि उचलायचा विसरला गेला.

शिंपी उठला. हात पुढं करून पडदा शोधायला गेला, तर पडदा आधीच बाजूला झालेला होता.

आत डॉक्टरीणबाईंनी त्याला मशीनच्या पुढ्यात बसवलं. "किती वेळ बेल मारतेय, आजोबा. झोप लागली होती का?"

"माणसं होती आत."

"कोण माणसं?" त्यांचं लक्ष नव्हतं. "हनुवटी इथं टेका. डोळा उघडा. समोर बघा."

उजेडाची फट डोळ्यात शिरली. डॉक्टरीणबाई बघू लागल्या. बघता बघता थांबल्या. मान वर काढली, भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. दुसरं भिंग घेतलं. खोलीत कुणी बोलत नव्हतं, तरी शिंप्याला आपल्या खांद्याशी दाटी झाल्यासारखं वाटत होतं. एकाच खिडकीतून तिघा-चौघांनी डोकावावं तशी.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"काही नाही. भिंगावर काहीतरी येतंय सारखं." मग त्या नीट बसल्या आणि स्पष्ट बोलल्या. "फार उशीर केलात, आजोबा. दाब खूप वाढलाय. याही डोळ्याची डावीकडची बाजू गेली. ती परत येत नाही, हे आताच सांगते. ऑपरेशननं उरलेली राहील. तुम्हाला पुढच्या आठवड्यातच घेते."

बाहेर आल्यावर शिंप्यानं लेकीचा हात इतका घट्ट धरला की ती दचकली.

"आत बाई होत्या," तो म्हणाला. "गणिताच्या. आणि पोस्टमन."

"आत तुम्ही एकटेच होतात, बाबा. मी पडद्याच्या फटीतून दोनदा बघितलं. आपलं आपण बोलत होतात." तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही ना?"

ऑपरेशन झालं. दाब उतरला. उजवीकडं जेवढं दिसत होतं तेवढं दिसत राहिलं, आणि शिंपी पुन्हा मशीनवर बसला. आता थेंब चुकत नव्हता. लेकीनं सांगायची वेळ येत नव्हती, हाच सकाळ-संध्याकाळ मान मागं टाकून बसायचा.

लेक खूश होती. तिच्या हेही ध्यानात आलं की बाबा आता दाराला धडकत नाहीत. डाव्या पायाची शिवण सरळ येऊ लागली. ते पँटवालं गिऱ्हाईक कुठून तरी ऐकून परत आलं आणि म्हणालं, "मास्तर, माझा पाय सुधारला वाटतं!" शिंपी हसला नाही. कारण डावीकडं त्याला पूर्वीइतकंच दिसत होतं, म्हणजे काहीच नाही. कापड तिकडं गेलं की नाहीसं व्हायचं. आणि तरी हात बरोबर वळायचा. कुणीतरी शेजारी बसून वाकून बघतंय आणि कापड हळूच सरळ करतंय, असा. हे लेकीला सांगायचं कसं? त्यानं सांगितलं नाही.

मग नजरेचं माप घ्यायचा दिवस आला. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, गेलेल्या डाव्या डोळ्यावर पट्टी. आत इथं तिथं बारीक दिवा लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. बटण दाबलं की मशीन टुक करतं. लेक मागं स्टुलावर बसली होती, मशीनवाला बाजूला.

उजवीकडं दिवे लागत गेले, शिंपी दाबत गेला. मग दिवे थांबले. तो वाट बघत राहिला. कुठंतरी टुकटुक चालू होतं, ते शेजारच्या मशीनचं असेल असं त्याला वाटलं. समोर नुसता पांढरा घुमट आणि डावीकडं ती नेहमीची ओसाडी. हात अवघडला, म्हणून त्यानं बटण मांडीवर ठेवलं. बराच वेळ गेला. शेवटी मशीनवाला म्हणाला, "झालं, आजोबा."

डॉक्टरीणबाईंनी निकाल बघितला, पुन्हा बघितला. "असं होत नाही," त्या म्हणाल्या. "गेलेली बाजू परत येत नाही. पण ही तर... आली की हो! डावीकडचा एकही दिवा चुकला नाही तुमचा."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! बाबा, ऐकलंत का?"

बाबांनी ऐकलं होतं. ते मांडीवरच्या बटणाकडं बघत होते.

मशीनवाला वायर गुंडाळत म्हणाला, "फक्त एक सांगतो, आजोबा. दिवा दिसला की एकदाच दाबायचं असतं. उजवीकडं बरोबर दाबलंत. डावीकडं मात्र दर दिव्याला टुक, टुक, टुक. तीनदा. एवढी कसली घाई?"

शिंप्यानं बटण मांडीवरून उचलून टेबलावर ठेवलं.

"तीनदाच?"

मशीनवाल्यानं जरा आठवून पाहिलं.

"हो. म्हणजे... शेवटी शेवटी चारदा."